एकच कमांड दोन फोल्डरांत का? युनिक्सच्या कमांडांचा पत्ता शोधण्याची रीत

उबुंटू या लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘व्हिच -ए एलएस’ असं विचारा, म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी एलएस ही कमांड कुठे कुठे आहे ते. दोन ओळी येतील: /यूएसआर/बिन/एलएस आणि /बिन/एलएस. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची जी मुलं इंजिनिअरिंगला आल्यावर लिनक्सला पहिल्यांदा हात लावतात, त्यांच्यातलं कुणी ना कुणी या दोन ओळी पाहून विचारतंच: “सर, एकच फाइल दोनदा कशाला ठेवलीय? एक उडवली तर जागा वाचेल की.” प्रश्न अगदी योग्य आहे. त्यावर ‘सिस्टीमच्या फाइलींना हात लावू नको’ एवढंच उत्तर मिळालं, तर मुलाच्या मनात भीती बसते आणि प्रश्न तसाच राहतो. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो आहे.

एक सूचना आधीच. या लेखात कमांड आणि फोल्डरांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीप्रमाणे इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. पाथ, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी ठेवणारं व्हेरिएबल, तेवढं सगळं मोठ्या अक्षरांत.

नाव दुसरं की वस्तू दुसरी?

कमांड दोनदा दिसली की पहिला प्रश्न हाच विचारायचा. आपल्या भागात हा फरक चटकन कळतो. बेळगाव आणि बेळगावी ही नावं दोन, गाव एकच. कुठल्याही पाटीच्या मागोमाग गेलात तरी त्याच किल्ल्यापाशी पोहोचाल. शहापूरचं मात्र उलट आहे. नाव एक, पण बेळगावातलं शहापूर वेगळं, यादगीर जिल्ह्यातलं वेगळं आणि ठाणे जिल्ह्यातलं तिसरंच. /बिन/एलएस हे पहिल्या प्रकारात बसतं. पायथन, नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), सेड (मजकूर बदलणारी कमांड) यांचे घोळ बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातले असतात. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी तपासायचं आणि मगच हात घालायचा.

पहिली पायरी: ‘व्हिच’ऐवजी ‘टाइप’ला विचारा

टर्मिनलमध्ये तुम्ही टाइप केलेली ओळ वाचून चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल; उबुंटूवर तो बॅश. ‘व्हिच’ हा शेलच्या बाहेरचा प्रोग्राम आहे. तो फक्त पाथमधले फोल्डर चाळतो. तुमच्या शेलच्या पोटात काय आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून बॅशमध्ये काम करताना ही सवय लावा:

टाइप -ए एलएस
टाइप -ए ईको
टाइप -ए पायथन३

पहिल्या कमांडला उबुंटूवर तीन उत्तरं येतात. एलएस हे रंगीत यादी देणाऱ्या एलएसचं अलायस, म्हणजे टोपणनाव, आहे, हे पहिलं. मग /यूएसआर/बिनमधली फाइल, मग /बिनमधली. ईकोच्या उत्तरात पहिलीच ओळ सांगते की ईको हा शेलचा बिल्टइन, म्हणजे शेलच्या आतच असलेली कमांड, आहे, आणि दोन फाइली त्याच्यानंतर येतात. या यादीतला क्रम महत्त्वाचा आहे, कारण सगळ्यात वरची ओळ जिंकते. तुम्ही नुसतं नाव टाइप केलंत की बॅश आधी अलायस बघतो, मग फंक्शन, मग बिल्टइन, आणि तिथेही सापडलं नाही तर पाथमधले फोल्डर डावीकडून उजवीकडे चाळतो. नावात तिरकी रेघ असेल, म्हणजे /बिन/ईको असा पूर्ण पत्ता दिला असेल, तर ही सगळी शोधाशोध होत नाही. थेट तीच फाइल चालते.

पाथ पाहायचा तर ‘ईको $पाथ’. कोलनने जोडलेली लांब ओळ येईल. साध्या उबुंटूवर तिच्यात /यूएसआर/लोकल/बिन हे /यूएसआर/बिनच्या आधी असतं आणि /बिन बरंच मागे. /यूएसआर/लोकल आधी का, ते पुढे येईल.

दुसरी पायरी: दोन पत्ते एकाच फाइलचे आहेत का?

एलएस -एलडी /बिन

नव्या उबुंटू, डेबियन किंवा फेडोरा या लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशनांवर (तयार संचांवर) या ओळीचं पहिलं अक्षर एल असतं आणि शेवटी बाण दिसतो: /बिन, बाण, यूएसआर/बिन. म्हणजे /बिन हा फोल्डर उरलेलाच नाही. तो /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारा सिम्लिंक आहे. खात्री करायची असेल तर आयनोड क्रमांक बघा:

एलएस -एलआय /बिन/एलएस /यूएसआर/बिन/एलएस

दोन्ही ओळींच्या सुरुवातीचा आकडा सारखाच येईल. आयनोड ही डिस्कवरच्या फाइलची खरी ओळख. नाव ही त्या ओळखीला लावलेली चिठ्ठी. एकाच डिस्क विभागावर आयनोड सारखा असला तर फाइल एकच, जागा एकदाच व्यापलेली. ‘रीडलिंक -एफ /बिन/एलएस’ केलंत तरी मुक्कामाचा पत्ता कळतो.

कधी सिम्लिंक दिसत नाही, तरी आयनोड सारखा निघतो. डेबियन घराण्यात पर्ल या भाषेच्या प्रोग्रामचं तसं आहे: पर्ल आणि आवृत्ती क्रमांक जोडलेलं पर्ल या दोन नावांना एकच आयनोड असतो. याला हार्डलिंक म्हणतात. इथे मूळ आणि नक्कल असा भेदच नाही. दोन्ही नावं सारख्याच हक्काची, आणि शेवटचं नाव पुसेपर्यंत फाइल राहते.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर: /बिन उडवून जागा अजिबात वाचत नाही. वर नुकसान मोठं होतं. हजारो स्क्रिप्टांची पहिली ओळ /बिन/एसएच किंवा /बिन/बॅश अशी असते. सिम्लिंक गेला की त्या सगळ्या बंद पडतात. कुणाच्या हातून हे झालंच असेल, तर मशीन रीस्टार्ट करू नका आणि उघडं टर्मिनल बंद करू नका. फाइली /यूएसआर/बिनमध्ये शाबूत आहेत, फक्त वाट पुसली गेली आहे. त्याच टर्मिनलमध्ये ही ओळ चालवा (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने):

सुडो /यूएसआर/बिन/एलएन -एस यूएसआर/बिन /बिन

एवढ्याने वाट परत जागेवर येते. /बिनच्या आतल्या फाइली पुसल्या असतील तर मात्र हा उपाय चालत नाही. त्या खऱ्या फाइली होत्या आणि त्या गेल्या. मग इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून दुरुस्ती करावी लागते.

मुळात दोन जागा झाल्या कशा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे कारण स्पष्ट दिसतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची पीडीपी-११ या कॉम्प्युटरवर युनिक्स, म्हणजे लिनक्सचा पूर्वज, उभं करत होते. त्यांच्या १९७४ च्या वर्णनातलं मशीन असं आहे: १४४ किलोबाइट मेमरी, सुमारे १ एमबीची वेगवान फिक्स्ड-हेड डिस्क, आणि काढता-घालता येणाऱ्या डिस्कांचे चार ड्राइव्ह, प्रत्येकी २.५ एमबीचे. आज मोबाइलमधला एक फोटो त्या वेगवान डिस्कवर मावणार नाही.

वेगवान पण चिमुकल्या डिस्कवर सिस्टीमचं मूळ, आणि दुसऱ्या मोठ्या डिस्कवर लोकांच्या फाइली, अशी वाटणी होती. लोकांच्या फाइलींचा फोल्डर म्हणजे /यूएसआर. थॉम्प्सन यांचं घर, म्हणजे स्वतःचा होम फोल्डर, तेव्हा /यूएसआर/केन होतं. कमांड वाढत गेल्या, पहिल्या डिस्कवरची /बिन भरली, आणि उरलेल्या कमांड दुसऱ्या डिस्कवर /यूएसआर/बिन करून तिथे ठेवाव्या लागल्या.

यातून एक नियम जन्माला आला आणि तो अगदी तर्काला धरून होता. मशीन सुरू होताना दुसरी डिस्क जोडलेली नसते. ती ‘माउंट’ने जोडायची. मग माउंट ही कमांड दुसऱ्या डिस्कवर ठेवून कसं चालेल? डिस्क तपासणारी ‘एफएससीके’, शेल, ‘सीपी’, ‘एलएस’ या कमांड पहिल्या डिस्कवरच हव्यात. सिस्टीम उभी करायला आणि मोडली तर दुरुस्त करायला जे लागतं ते पहिल्या डिस्कवर, मुख्यतः /बिनमध्ये, बाकीचं /यूएसआर/बिनमध्ये.

पुढे डिस्का मोठ्या झाल्या, तरी वाटणी टिकली, कारण तिला नवी कारणं मिळाली. १९८०च्या दशकात डिस्क नसलेली वर्कस्टेशन आली. एका सर्व्हरवरची /यूएसआर नेटवर्कवरून अनेक मशीन वाचायची, आणि प्रत्येकाचा मूळ फोल्डर (/) तेवढा वेगळा. प्रशासकाच्या कमांड आधी चक्क /ईटीसीमध्ये असत, माउंटसुद्धा; त्यांच्यासाठी पुढे /एसबिन आणि /यूएसआर/एसबिन आली. त्यामुळे फोल्डर चार झाले. आयएफकॉन्फिग कुठे, पिंग कुठे (दोन्ही नेटवर्कच्या कमांड), यावर वाद होत राहिले, कारण ‘दुरुस्तीला लागणारं’ म्हणजे नेमकं काय याची रेघ प्रत्येक डिस्ट्रिब्युशनने वेगळी ओढली होती.

आज लिनक्स सुरू होताना इनिटरॅमएफएस नावाची छोटी सिस्टीम मेमरीत उभी राहते आणि पुढच्या डिस्का तीच जोडून देते. मूळ डिस्कवर वेगळ्या /बिनची गरज संपली. फेडोराने २०१२ मध्ये आवृत्ती १७ पासून सगळं /यूएसआरमध्ये नेलं आणि जुन्या जागी सिम्लिंक ठेवले. उबुंटूने १९.०४ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तेच केलं. डेबियनने २०२३ च्या आवृत्ती १२ मध्ये ते सक्तीचं केलं. फेडोरा ४२ मध्ये, २०२५ साली, एसबिन आणि बिन हा भेदही मिटला. सिम्लिंक ठेवण्याचं कारण एकच: पन्नास वर्षांत लिहिलेल्या अगणित स्क्रिप्टांत /बिन/एसएच हा पत्ता आहे, आणि त्या मोडायच्या नाहीत.

या बदलाची एक खूण रोजच्या कामात भेटते. एखादी फाइल कुठल्या पॅकेजची (एकत्र बसवायच्या फाइलींच्या संचाची) हे ‘डीपीकेजी -एस’ सांगतं, त्यातला एस मोठा. उबुंटू २२.०४ वर /यूएसआर/बिन/एलएस विचारलंत तर ‘असा पत्ता नाही’ असं उत्तर येतं आणि /बिन/एलएस विचारलंत तर ‘कोअरयुटिल्स’. पॅकेजच्या नोंदवहीत तेव्हा जुना पत्ता लिहिलेला होता, एवढंच. डेबियन १३ मध्ये नोंदी नव्या पत्त्यावर गेल्या आहेत. एका पत्त्याने उत्तर नाही आलं तर दुसऱ्याने विचारा. फाइल अनाथ आहे असं लगेच ठरवू नका.

तिसरी पायरी: बिल्टइन आणि फाइल यांतला फरक

आता खऱ्या जोड्यांकडे येऊ. या दोन ओळी चालवून बघा:

ईको --व्हर्जन
/बिन/ईको --व्हर्जन

पहिली ओळ ‘--व्हर्जन’ हे शब्दच छापते. दुसरी आवृत्तीची माहिती देते. नाव एक, प्रोग्राम दोन. ईको, प्रिंटएफ, टेस्ट, पीडब्ल्यूडी, किल या सगळ्यांची अशी जोडी आहे. चौकोनी कंस हीसुद्धा कमांड आहे आणि /यूएसआर/बिनमध्ये त्या नावाची फाइल आहे.

बिल्टइन कशासाठी? मुख्यतः वेगासाठी. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक तपासणीला नवी प्रोसेस, म्हणजे वेगळा चालू प्रोग्राम, उभी करणं महाग पडतं. प्रोसेस थांबवणाऱ्या किलला आणखी कारणं आहेत: ‘किल %१’ मधला जॉब क्रमांक फक्त शेललाच ठाऊक असतो, आणि प्रोसेसची मर्यादा भरून मशीन अडकलं असताना नवी प्रोसेस न बनवता किल चालवता यायला हवं.

मग फाइल कशासाठी? फाइंड, एक्सआर्ग्ज, एन्व्ह, सुडो हे प्रोग्राम दुसरी कमांड थेट कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, चालवून घेतात. त्यांना तुमच्या शेलच्या पोटातलं काही मिळत नाही. डिस्कवर फाइल हवी. फोल्डर बदलणाऱ्या सीडीचं ‘सुडो सीडी’ उबुंटूवर चालत नाही त्याचं कारण इथेच आहे. चालू फोल्डर हा प्रत्येक प्रोसेसचा स्वतःचा असतो. सीडीची वेगळी फाइल केली तरी ती आपला फोल्डर बदलून संपून जाईल आणि तुमचा शेल जिथल्या तिथे राहील.

याच घरातला एक घोटाळा परीक्षेच्या दिवसांत फार दिसतो. स्क्रिप्ट बॅशसाठी लिहिलेली, पण चालवताना ‘एसएच स्क्रिप्टचं नाव’ असं लिहिलं जातं. उबुंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे डॅश हा दुसरा शेल, बॅश नव्हे. दुहेरी चौकोनी कंस डॅशला कळत नाहीत आणि ‘सापडलं नाही’ असा निरोप येतो. ‘रीडलिंक -एफ /बिन/एसएच’ केलं की कारण समोर येतं.

चौथी पायरी: निवडीचे सिम्लिंक

व्हीआय, एडिटर (दोन्ही फाइल लिहिण्याच्या कमांड), ऑक (मजकूर चाळणारी) अशा नावांमागे कुठला प्रोग्राम असावा हे डेबियन-उबुंटूवर निवडता येतं. /यूएसआर/बिन/एडिटर हा /ईटीसी/अल्टर्नेटिव्हजकडे जातो आणि तिथून नॅनो किंवा व्हिमकडे. निवड बदलायची तर ‘सुडो अपडेट-अल्टर्नेटिव्हज --कॉन्फिग एडिटर’. हाताने सिम्लिंक बदलू नका. सेडसारखी कमांड मात्र सिस्टीमनुसारच वेगळी निघते: मॅकवर सेड बीएसडी घराण्याचा आहे, उबुंटूवर जीएनयू या वेगळ्या संचातला. फाइल जागेवर बदलणारा ‘-आय’ पर्याय मॅकवर पुढे बॅकअपचं शेपूट मागतो, उबुंटूवर मागत नाही. मित्राच्या मॅकवर चाललेली ओळ तुमच्याकडे बिघडली तर आधी हे तपासा.

पाचवी पायरी: आपण स्वतः आणलेल्या जोड्या

खरा त्रास इथे असतो, म्हणून इथे सावकाश जा.

/यूएसआर/बिन हे पॅकेज मॅनेजरचं. तिथे काय ठेवायचं, काय बदलायचं हे एपीटी, म्हणजे उबुंटूचा पॅकेज मॅनेजर, ठरवतं. तुम्ही स्वतः बांधलेला किंवा बाहेरून आणलेला प्रोग्राम सगळ्यांसाठी असेल तर /यूएसआर/लोकल/बिनमध्ये, फक्त तुमच्यासाठी असेल तर घरातल्या .लोकल/बिनमध्ये. /यूएसआर/लोकल पाथमध्ये आधी ठेवलं आहे ते यासाठीच: सिस्टीमच्या फाइलीला धक्का न लावता तुमची आवृत्ती पुढे यावी. .लोकल/बिन नव्याने केलात तर उबुंटू ते पुढच्या लॉगिनला पाथमध्ये घेतं, लगेच नाही.

पायथनचा नियम मी फार आग्रहाने सांगतो: /यूएसआर/बिन/पायथन३ ला हात लावायचा नाही. तो बदलायचा नाही, काढायचा नाही, त्याच्या जागी दुसऱ्या आवृत्तीचा सिम्लिंक ठेवायचा नाही. उबुंटूची अनेक साधनं त्याच्यावर उभी आहेत. प्रोजेक्टला वेगळ्या लायब्ररी हव्यात तर प्रोजेक्टच्या फोल्डरात व्हेन्व्ह, म्हणजे पायथनची स्वतंत्र खोली, करा:

पायथन३ -एम व्हेन्व्ह प्रोजेक्टएन्व्ह
सोर्स प्रोजेक्टएन्व्ह/बिन/अ‍ॅक्टिव्हेट

अ‍ॅक्टिव्हेट जादू काही करत नाही. त्या फोल्डरची बिन पाथच्या सुरुवातीला जोडतं. नंतर ‘टाइप -ए पायथन३’ करून बघा, सगळ्यात वर तुमचाच पायथन दिसेल. नव्या डेबियन-उबुंटूवर पायथनच्या लायब्ररी बसवणारं पिप थेट चालवलं की ‘हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं’ असा अडथळा येतो. तो मुद्दाम घातलेला कठडा आहे. सिस्टीम मोडण्याची परवानगी देणारा पर्याय इंटरनेटवरून उचलून लावू नका, व्हेन्व्ह करा.

विंडोजच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. डब्ल्यूएसएल विंडोजचे फोल्डरसुद्धा पाथच्या शेवटी जोडतं. नोडसोबत येणाऱ्या एनपीएमसाठी ‘टाइप -ए एनपीएम’चं उत्तर /एमएनटी/सीने सुरू झालं, तर तुम्ही लिनक्समध्ये बसून विंडोजचा एनपीएम चालवताय. मग चुकीच्या जागी फाइली आणि विचित्र एरर येत राहतात. उबुंटूच्या आत नोड बसवा, की तो यादीत वर येतो.

जुनी फाइल हलवल्यावर बॅश ‘अशी फाइल नाही’ म्हणत जुनाच पत्ता दाखवतो, याला कारण त्याची आठवण. एकदा सापडलेला पत्ता तो लक्षात ठेवतो. ‘हॅश -आर’ केलं की विसरतो आणि नव्याने शोधतो.

क्रॉन आणि सुडो यांचा पाथ वेगळा असतो

बेळगावजवळच्या उद्यमबाग किंवा मच्छेच्या एखाद्या कारखान्यात रात्री रिपोर्ट काढणारी स्क्रिप्ट असते. दिवसा हाताने चालवली की चालते, रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालत नाही. बहुतेक वेळा स्क्रिप्ट बरोबरच असते. डेबियन-उबुंटूवर वापरकर्त्याच्या क्रॉनला मुळात फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच पाथ मिळतो. /यूएसआर/लोकल/बिनमधला प्रोग्राम त्याला दिसतच नाही, किंवा त्या नावाचा सिस्टीममधला जुना प्रोग्राम चालून जातो. दुसरी शक्यता जास्त घातक, कारण एरर येत नाही, आकडे चुकतात. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) सुरुवातीला पाथची ओळ लिहा, किंवा स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ते द्या. व्हेन्व्हचा पायथन हवा असेल तर त्याच्या बिनमधल्या पायथन३चाच पूर्ण पत्ता द्या, अ‍ॅक्टिव्हेटची गरज नाही.

सुडोचंही असंच. सुरक्षेसाठी तो स्वतःचा ठरलेला पाथ वापरतो, त्यामुळे व्हेन्व्ह चालू असूनही ‘सुडो पायथन३’ सिस्टीमचा पायथन उघडतो. आणि पाथमध्ये टिंब, म्हणजे चालू फोल्डर, कधीही घालू नका. पाथमध्ये दोन कोलन लागोपाठ आले तरी तोच अर्थ होतो. कुणीतरी पेन ड्राइव्हवर एलएस नावाची स्वतःची फाइल ठेवली, तर तुम्ही त्या फोल्डरात उभे असताना ती चालू शकते.

जोडी खरंच काढायची असेल तर

आधी ‘टाइप -ए’ ने यादी, मग ‘रीडलिंक -एफ’ आणि आयनोडने दोन्ही एकच आहेत का ते, मग दोन्ही पत्ते ‘डीपीकेजी -एस’ला विचारून मालक कोण ते. पॅकेजची फाइल असेल तर ती फक्त एपीटीने काढायची. /यूएसआर/लोकल/बिनमधली असेल आणि तुम्हीच ठेवलेली असेल, तर लगेच पुसू नका. नाव बदलून शेवटी ‘.जुनी’ लावा, ‘हॅश -आर’ करा, आणि नेहमीची कामं, रात्रीच्या क्रॉनसकट, एकदा सुरळीत होऊ द्या. त्यानंतर पुसा.